कारभारी कोणाचा?

'कारभारी' हा शब्द आपल्या भागात दोन ठिकाणी हमखास कानी पडतो. खेड्यातील बाई नवऱ्याला 'आमचे कारभारी' म्हणते, आणि चर्चमध्ये पाळकसाहेब सांगतात की माणूस हा देवाचा कारभारी आहे. पहिला कारभारी सहसा कोणाला हिशेब देत नाही! दुसऱ्याने तो द्यावा, अशी बायबलची अपेक्षा आहे.

मी ख्रिस्ती घरात वाढलो, त्यामुळे द्राक्षमळ्याचा दाखला लहानपणापासून ऐकत आलो. मालकाने मळा लावला, कुंपण घातले, कुळांकडे सोपवला आणि तो परदेशी गेला. हंगामाला त्याने आपली माणसे पाठवली, तर कुळांनी त्यांना मारले. शेवटी मालकाचा मुलगा आला, त्याचाही त्यांनी जीव घेतला. का, तर वारसा आपला होईल म्हणून. मराठवाड्यात शेती बटाईने देणाऱ्या आणि करणाऱ्या दोघांनाही ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. कुळांनी मळा ओसाड पाडला असे या दाखल्यात कोठेही नाही. पीक आले होते. त्यांना वाटा द्यायचा नव्हता, एवढेच.

देवाची सत्ता मानणारी माणसे पुष्कळदा म्हणतात, "मी फक्त देवाला उत्तर देईन." हे वाक्य ऐकायला फार भक्तिभावाचे वाटते. मला मात्र त्याची धास्ती वाटते, कारण देव काही वह्या तपासायला सोमवारी कचेरीत येत नाही. माणसांचे प्रश्न टाळण्यासाठी देवाचे नाव पुढे करणे सोपे असते.

या बाबतीत मला पंडिता रमाबाई फार मोठ्या वाटतात. १८८३ साली त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेतील हितचिंतकांनी संस्था स्थापून दहा वर्षे मदत देण्याचे ठरवले आणि १८८९ साली मुंबईत शारदासदन उघडले. ते पुढच्याच वर्षी पुण्यास गेले. धर्माच्या बाबतीत शाळा तटस्थ राहील, असा शब्द होता. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार बंद करीत नसत, आणि काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. त्यावरून गहजब झाला. १८९३ साली न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांसारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यांचा राग अगदीच निराधार होता, असे मला म्हणवत नाही; शब्द दिला होता, आणि पालकांनी त्या शब्दावर मुली पाठवल्या होत्या. रमाबाईंनी मात्र दार बंद केले नाही.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या. त्यांच्यासाठी केडगावला उभे राहिलेले मुक्तिसदन उघडपणे ख्रिस्ती होते. शारदासदनाची घडी मोडून त्यावर हे काम चढवले नाही. एका कामासाठी घेतलेला विश्वास दुसऱ्या कामावर, ते कितीही पवित्र असो, खर्च करायचा नसतो, हे त्या जाणत होत्या. देवाची हाक त्यांनी ऐकली. आणि माणसांशी केलेला करारही नजरेआड होऊ दिला नाही.

आज मिशनऱ्यांनी मागे ठेवलेल्या जमिनी, शाळा, दवाखाने आपल्याच लोकांच्या विश्वस्त मंडळांकडे आहेत. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवले, ती जमीनही निजाम सरकारकडून मिळालेली होती. महाराष्ट्रात अशा मालमत्तांच्या विक्रीवरून कोर्टकज्जे चालतात, आणि मंडळीतील साध्या माणसाने काही विचारले तर त्याला अधिकाराची आठवण करून दिली जाते. उलट कापणीच्या सणाला खेड्यात बाजरी, भोपळा, क्वचित कोंबडीचा चर्चमध्ये लिलाव होतो, तेव्हा कोणाची बोली कितीची हे सर्वांसमोर वहीत लिहितात. कोंबडीला वही आहे, आणि एकरांच्या व्यवहाराला मात्र बंद खोली!

१९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने विश्वस्ताला हिशेब ठेवणे आणि ते तपासून घेणे बंधनकारक केले आहे. कायद्याने विचारण्याआधी ख्रिस्ती माणसाने ते स्वतःहून मांडावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणि हे फक्त ख्रिस्ती वाचकांसाठी नाही. या वार्षिकाची वर्गणी आपण सर्वांनी प्रवेशाच्या वेळी भरली आहे. ती किती जमली व कशी खर्ची पडली, हे शेवटच्या पानावर छापायला संपादक मंडळाची हरकत नसावी.