डब्यातली प्रथिने आणि फडातले श्रम

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे साखर कारखान्याचे गाव. गळिताचा हंगाम सुरू झाला की पहाटेच्या थंडीत फडात कोयते चालू लागतात. शरीरबळाचा याहून कठोर कस कोणत्या व्यायामशाळेत लागत असेल? तरीही स्नायूंच्या पोषणाची चर्चा होते ती व्यायामशाळेपुरतीच, आणि तिचे उत्तर म्हणून पुढे येतो ‘व्हे प्रोटीन’चा डबा.

हे द्रव्य काही जादूचे नव्हे. दुधातील सुमारे ८० टक्के प्रथिने म्हणजे केसीन. चीज करताना ते साकळते आणि उरल्या निवळीत व्हे राहते. ती गाळून, वाळवून भुकटी होते. ती लवकर पचते, व्यायामानंतर स्नायूंच्या भरणीस उपयोगी पडते, हे मान्यच केले पाहिजे. परंतु राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली शरीर कमावण्यासाठी अशा भुकट्या टाळण्याचाच सल्ला दिला. ६० किलो वजनाच्या प्रौढास दिवसाकाठी सुमारे ५० ग्रॅम प्रथिने पुरतात. भाकरी, डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी यांतून ती मिळतात. मिळतात म्हणजे, परवडली तर!

खरी मेख इथेच आहे. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला. एका अंड्यातून जेमतेम ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. तेवढीही राज्याला जड झाली. ऊसतोडीच्या टोळीबरोबर फडावर आलेल्या पोरांच्या वाट्याला तर हंगामात पुष्कळदा शाळेची खिचडीही येत नाही.