पाटल्या मोडण्याआधी

बारावीचा निकाल लागला की आमच्या कुर्ल्याच्या शाळेत आया हमखास विचारू लागतात, "बाई, मुलाला व्हीएफएक्स शिकायचंय, सिनेमातल्या आगी, पूर नि राक्षस करतात ते. क्लासवाले म्हणतात, सॉफ्टवेअर आधी विकत घ्या. पाटल्या मोडू का?"

मुळीच नको! आधी भावाची रीत समजून घ्या.

लोकलचा पास आठवा. विद्यार्थ्याचा सवलतीचा, नोकरदाराचा सेकंडचा, साहेबांचा फर्स्टचा. गाडी एकच, पास निराळे. सॉफ्टवेअरचंही तसंच. 'हुडिनी' घ्या. आग, धूर, पाणी यात करतात. त्याची 'अप्रेंटिस' प्रत शिकणाऱ्याला फुकट. महागड्या प्रतीतली जवळजवळ सगळी हत्यारं तीत असतात. फक्त चित्रावर कंपनीचा शिक्का उमटतो आणि तिच्यावर पैसे कमवायचे नाहीत. पुढची 'इंडी'. वर्षाची मिळकत एक लाख डॉलरच्या आत असलेल्यांसाठी, स्वस्त वर्गणीची. त्यावरच्या 'कोअर' आणि 'एफएक्स' स्टुडिओंसाठी. 'न्यूक'चीही शिकाऊ प्रत फुकट मिळते.

'ब्लेंडर' तर पूर्ण मोफत. २००२ साली चाहत्यांनी एक लाख युरोची वर्गणी जमवून ते सर्वांसाठी खुलं करून घेतलं. त्यावर कमाई केली तरी कुणी हटकत नाही.

आता भाड्याची खोली आणि मालकीची खोली यातला फरक आपल्याला का सांगायला हवा? 'आफ्टर इफेक्ट्स' वर्गणीवर मिळतं. वर्गणी थांबली की दार बंद. 'दा विंची रिझॉल्व्ह'ची साधी प्रत फुकट, आणि 'स्टुडिओ' प्रत एकदाच पैसे भरून घ्यायची. २०१७ साली तिचा भाव ९९५ डॉलरवरून एकदम २९९ वर आला. घाई करणाऱ्यांचे तेव्हा किती गेले, बघा!

"अहो, गल्लीत शंभर रुपयांत कॉपी मिळते," असंही कुणी सांगेल. तिला हातही लावू नका. अशा प्रतीतून कॉम्प्युटरला कीड लागते. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चोरीचा प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरणं गुन्हा आहे; त्याला तुरुंग आणि दंड दोन्ही आहेत. पोराचं करिअर सुरू होण्याआधीच डाग कशाला?

तेव्हा असं करा. पहिले सहा महिने ब्लेंडर किंवा शिकाऊ प्रत. तेवढ्यात मुलगा खरंच चिकाटीनं बसतो की नुसते सिनेमे बघतो, हे आईला कळतंच! पैसे घालायचेच तर चांगल्या कॉम्प्युटरमध्ये घाला. खरा खर्च तिथेच आहे. पुढे स्टुडिओत नोकरी लागली की तिथलं महाग सॉफ्टवेअर मालकच पुरवतो. आणि क्लासची फी भरण्याआधी एवढं लेखी मागा: कोणतं सॉफ्टवेअर, कोणती प्रत, फीमध्ये धरलेली की वेगळी? जो लिहून द्यायला कां-कूं करील, त्याला दुरूनच नमस्कार.

मुलीनं हट्ट धरला तरी हिशेब हाच, बरं का!