वर्षाची बेगमी

‘अंदाजपत्रक’ हा शब्द कानी पडला की तो राज्यकर्त्यांचा आहे, आपला नव्हे, असे पुष्कळांना वाटते. फेब्रुवारी महिना आला की दिल्लीस अर्थमंत्री देशाचे अंदाजपत्रक मांडतात, पुढे मुंबईस राज्याचे मांडले जाते, वृत्तपत्रांत मोठमोठे आकडे झळकतात आणि आपण ते वाचून बाजूस ठेवतो. वस्तुतः देशाचे अंदाजपत्रक वर्षातून एकदा होते; घराचे मात्र रोज सकाळी चुलीपाशी होत असते. डब्यात पीठ किती उरले, तेल किती दिवस पुरेल, आज डाळ घट्ट करावी की पातळ, हे प्रश्न सोडविणारी तुमची आई घराची अर्थमंत्रीच होय. फरक एवढाच की तिला भाषण करावयाचे नसते आणि तूट आली तर नोटा छापता येत नाहीत!

एर्न्स्ट एंगेल नावाचे एक जर्मन संख्याशास्त्रज्ञ होऊन गेले. बेल्जममधील कामकरी कुटुंबांच्या जमाखर्चाचा अभ्यास करून त्यांनी १८५७ साली एक नियम मांडला. कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा, असा तो नियम आहे. आपल्या देशात २०२२-२३ साली सरकारने घरोघरच्या खर्चाची पाहणी केली, तेव्हा खेड्यांतील कुटुंबांचा सुमारे ४६ टक्के खर्च अन्नावर होतो, असे आढळले. म्हणजे शंभर रुपयांतील सेहेचाळीस रुपये स्वयंपाकघरातून जातात. जेथे पैसा सर्वांत अधिक खर्च होतो, तेथेच हिशेब सर्वांत कमी ठेवला जावा, हे मला नवल वाटते. बैलाची किंमत आपण दहा जणांना विचारून ठरवितो. वर्षभराच्या तेलमिठाची किंमत मात्र कोणासच ठाऊक नसते.

आता घरखर्चाची जी पुस्तके मिळतात, त्यांत महिन्याचे अंदाजपत्रक कसे करावे, हे सांगितलेले असते. एक तारखेस पगार येतो, त्याचे भाग पाडा, एवढे वाणसामानास, एवढे दूधभाज्यांस, इत्यादी. पगारदारास ते ठीक आहे. परंतु आपल्या नंदुरबार जिल्ह्यात एक तारखेस पगार येणारी घरे किती? सातपुड्याच्या कुशीतील अक्राणीचा शेतकरी, तळोद्याचा मजूर, नवापूरचा भातशेती करणारा, या सर्वांचे घर महिन्यावर चालत नाही. ते वर्षावर चालते. भाद्रपदात उडीद-मूग निघतात, दिवाळीच्या सुमारास ज्वारी, बाजरी, मका व भात हाती येतात, पौष-माघात तूर येते. दिवाळी आटोपली की कित्येक कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि होळीस घराकडे वळतात. पैसा व धान्य ही दोन्ही ठरावीक ऋतूंत येतात. पोटाला मात्र बाराही महिने लागते. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, आपल्याकडील घराने अंदाजपत्रक करावयाचे ते महिन्याचे नव्हे, वर्षाचे.

यातील सर्वांत कठीण महिने कोणते, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आषाढ, श्रावण आणि अर्धा भाद्रपद. कणगी तळाला गेलेली असते, बियाण्याला पैसा लागलेला असतो, नवे पीक शेतात हिरवे असते. या काळास तोंड देण्यासाठी शासनाने १९७८ सालापासून ‘खावटी कर्ज’ सुरू केले. आदिवासी विकास महामंडळामार्फत ते अनेक वर्षे वाटले गेले. २०२० साली कोरोनाच्या साथीत त्याचे एका वर्षापुरते अनुदान करण्यात आले व पात्र कुटुंबास ४,००० रुपये ठरले. त्यांपैकी २,००० रोख आणि २,००० रुपयांच्या वस्तू. खावटी म्हणजे खाण्यापुरते. शब्द किती साधा आहे, पण त्यामागे पावसाळ्यातील रिकाम्या कणगीचा सारा इतिहास उभा आहे. मी शिक्षक असताना श्रावणातील सकाळच्या तासाला पेंगणारी मुले पाहिली की रागावण्याआधी एक प्रश्न विचारीत असे : ‘सकाळी काय खाऊन आलास?’ उत्तर बहुधा जमिनीकडे पाहून मिळे.

येथे कोणी म्हणेल, ‘गुरुजी, ज्याच्यापाशी पैसाच नाही, त्याने अंदाजपत्रक कशाचे करावे?’ हा आक्षेप पोकळ नाही. मजुरीच कमी असेल तर वहीत रेघोट्या ओढून ती वाढत नाही. परंतु दुसरी एक गोष्टही खरी आहे, आणि ती अशी की, ज्याच्यापाशी थोडे असते, त्यालाच वस्तू महाग पडते. श्रीमंत मनुष्य पोतेभर घेतो, गरीब मनुष्य पुडी घेतो. श्रीमंत हंगामात घेतो, गरीब श्रावणात घेतो. श्रीमंत रोख देतो, गरीब उधारीवर आणतो. आणि उधारीच्या दुकानात भाव विचारण्याचे धैर्य कोणास होते? यास्तव हिशेबाची गरज श्रीमंतापेक्षा गरिबाला अधिक आहे.

प्रथम धान्याचा हिशेब पाहू. घरात पाच माणसे आहेत आणि रोज दोन किलो धान्य लागते, असे धरा. महिन्याला साठ किलो झाले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबास माणशी पाच किलो धान्य मिळते, म्हणजे पाच माणसांस पंचवीस किलो. अंत्योदय कुटुंबास पस्तीस किलो. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. तरीही पहिल्या घरी महिन्याला पस्तीस किलोंची तूट राहिली. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांची तूट किती? एकशे चाळीस किलो. हा आकडा ज्या घराला दिवाळीतच ठाऊक आहे, ते घर नवी ज्वारी विकावयास काढताना थांबेल आणि दीड क्विंटल बाजूस ठेवील. ज्याला ठाऊक नाही, ते घर दिवाळीत ती पडत्या भावाने विकील आणि आषाढात तीच चढ्या भावाने विकत आणील. असे व्यवहार मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

रेशनच्या धान्याविषयी आणखी एक सांगावयाचे आहे. कामासाठी परराज्यात गेलेल्या कुटुंबास तेथील दुकानातूनही आपल्या शिधापत्रिकेवर धान्य घेता येते. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ ही व्यवस्था देशभर लागू झालेली आहे. ऊसतोडीस जाणाऱ्या घरांतील मुलांनी हे वडीलधाऱ्यांस अवश्य सांगावे. चार महिन्यांचे धान्य सोडून द्यावे, इतके आपण धनवान नाही.

हंगामात एकदम घ्यावयास पैसा कोठून आणावा? एकट्याने जमत नाही, ते दहा जणांनी जमते. १९७२ च्या दुष्काळानंतर महागाईने कहर केला, तेव्हा मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदी स्त्रियांच्या नेतृत्वाखाली हजारो गृहिणी हाती लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या होत्या. त्याच काळात, १९७५ साली, मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिची रीत अशी : शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करावयाचा, सर्वांची महिन्याची यादी एकत्र करावयाची, माल घाऊक भावाने एकदम आणावयाचा आणि आपसांत वाटून घ्यावयाचा. ती रीत मुंबईत चालली, तर शहाद्यास किंवा अक्कलकुव्यास का चालू नये? आपल्या गावोगावी बचत गट आहेतच. गटातील दहा बायकांनी माघात मिळून तुरीची पोती घेतली आणि घरीच डाळ केली, तर पावसाळ्यात वाण्याच्या दारी उभे राहण्याचे कारण उरणार नाही. नवापूरच्या तूरडाळीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. अशी डाळ ज्या जिल्ह्यात पिकते, त्याच जिल्ह्यातील मुलांच्या ताटात ती पाण्यासारखी पातळ असावी, ही गोष्ट मला खटकते.

तथापि नुसते भरून ठेवले म्हणजे बचत झाली, असे नव्हे. पोरकिड्यांनी पोखरलेले पोते म्हणजे भुंग्यांना घातलेले जेवण! आपल्या आज्या धान्य कडक उन्हात वाळवीत, दाताखाली धरून कट्‌कन् तुटते का पाहत, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालीत आणि शेणाने सारवलेली कणगी जमिनीपासून उंच ठेवीत. यात अडाणीपणा काही नाही. ओल असली की किडे व बुरशी वाढतात, हेच विज्ञानही सांगते. बुरशी आलेले शेंगदाणे व मिरच्या तर टाकूनच द्याव्यात; तेथे काटकसर करू नये, कारण त्या बुरशीचे विष शिजविल्यानेही पुरते जात नाही. मिरची नंदुरबारइतकी कोठे मिळणार? हिवाळ्यात शहराबाहेर पथाऱ्यांवर ती वाळत असते, तेव्हा सारी जमीन लाल दिसते. हंगामात निवडून घेऊन घरी दळलेले तिखट हे वर्षभर पुड्या आणण्यापेक्षा स्वस्तही पडते आणि भेसळीचे भयही राहत नाही.

आता तुमच्या खिशाकडे वळतो. मघाशी सांगितलेल्या पाहणीत आणखी एक गोष्ट दिसून आली. खेड्यांतील कुटुंबे तृणधान्यांवर एकूण खर्चाच्या सुमारे ५ टक्के खर्च करतात, आणि चहापाणी व तयार खाद्यपदार्थांवर जवळजवळ १० टक्के. रेशनमुळे धान्याचा खर्च कमी दिसतो, हे खरे. तरी दुप्पट हा दुप्पटच. यात रंगीत पुड्यांचा भाग किती, हे तुम्हीच शोधून काढा. दहा रुपयांच्या पुडीवर ‘निव्वळ वजन’ छापलेले असते. कायद्याने ते छापावेच लागते. समजा, ते २५ ग्रॅम आहे. मग एक किलोचा भाव चारशे रुपये झाला! आठवडे बाजारात शेंगदाणे, फुटाणे, गूळ यांचा किलोचा भाव विचारा आणि चारशेशी ताडून पाहा. पुडीत अधिक काय असते? मीठ, तेल आणि हवा. त्रैराशिक शिकविताना आम्ही ‘अमुक मजूर तमुक दिवसांत भिंत बांधतात’ असली उदाहरणे घालीत आलो. त्याऐवजी पुडीचे उदाहरण घातले असते तर मुलांचे गणित आणि प्रकृती ही दोन्ही सुधारली असती.

बाजारात भाजी वाट्याने मिळते, तेव्हाही डोळे उघडे ठेवावेत. पूर्वी धान्यही पायलीने, शेराने मोजून मिळे. १९५८ साली दशमान वजने सुरू झाल्यापासून किलोचा व्यवहार आला. मापाने मोजलेल्या धान्यात किडलेले हलके दाणे लपून जात, वजनात तसे होत नाही. वाटा मात्र अजून तसाच आहे.

येथवर वाचविण्याविषयी लिहिले. आता ज्यावर मुळीच वाचवू नये, त्याविषयी. घरात ओढाताण झाली की पहिला घाला डाळीवर पडतो. भाकरी पोट भरते, म्हणून ती राहते. डाळ पातळ होते. परंतु ज्वारी-बाजरीत जे कमी असते, ते डाळीत असते, आणि दोन्ही मिळून शरीर बांधतात. खानदेशातील कळण्याची भाकरी आठवा. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून ती करतात. प्रथिनांचा शोध लागण्यापूर्वीच आपल्या घरांनी ही युक्ती साधली होती. पावसाळ्यात टाकळा, तांदुळजा, शेवग्याचा पाला दाराशी उगवतो. त्यास पैसा लागत नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखेही काही नाही. भोंगऱ्या बाजाराचा व होळीचा खर्चही मी तोडावयास सांगणार नाही. जे घर होळीला गोड करीत नाही, ते वर्षभर कशासाठी राबते? तो खर्च आधीच वहीत धरावा, म्हणजे कर्ज काढावे लागत नाही.

आणि एक बचत अशी आहे की ती कोणत्याच वहीत दिसत नाही. ती आईच्या ताटातून होते. घरातील पुरुष जेवतात, मग मुलगे, मग मुली आणि सर्वांच्या शेवटी आई. डाळ संपलेली असते. ती भाकरी, तिखट आणि पाणी घेते व म्हणते, ‘मला भूकच नव्हती.’ त्या महिन्यात घराचे थोडे रुपये वाचले असतील. पण ती काटकसर नव्हे, ते एका माणसाच्या अंगातून काढलेले कर्ज आहे. आपल्या जिल्ह्यात पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालकांचे वजन वयाच्या मानाने कमी भरते, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत आढळले. उपाशी आईचे बाळ जन्मतःच लहान असते, हे त्यामागील एक मोठे कारण आहे. यासाठीच आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतून दिवसाचे एक पूर्ण, ताजे जेवण देणारी अमृत आहार योजना राज्याने २०१५ साली सुरू केली. पण अंगणवाडीत एकदा जेवली म्हणून घरी तिचा वाटा कमी करावा, असा हिशेब कोणी करीत असेल तर त्याला काय म्हणावे? जेवावयास बसण्यापूर्वी डाळ ताटांच्या संख्येने मोजून वाढावी आणि आईचे ताट आधी वाढून झाकून ठेवावे, हे काम बारा वर्षांचा मुलगाही करू शकतो. मुलगाच, असे मी मुद्दाम म्हणतो.

राहिली वही. शाळेची अर्धी उरलेली एखादी वही घ्या. काय आणले, किती वजनाचे, काय भावाने, रोख की उधार, एवढेच लिहावयाचे. आईला लिहिता येत नसेल तर तिने सांगावे, तुम्ही लिहावे. आणि शेवटच्या पानावर दरवर्षी एकच तारीख नोंदवावी : घरचे धान्य संपून पहिले विकतचे धान्य ज्या दिवशी आले, ती. यंदा ती जूनमधील असेल, तर पुढील वर्षी ती जुलैमध्ये नेता येते का, याचा विचार दिवाळीत, कणगी भरलेली असताना, सर्वांनी मिळून करावा.