केसपेपरवर न येणारी खाज

पाळी जाऊन तीन-चार वर्षे झालेली बाई खाज आणि पांढरे जाण्याची तक्रार घेऊन आली, तर चिठ्ठीवर फ्लुकोनॅझोल लिहिण्याआधी तिची साखर तपासायला हवी. कॅन्डिडाला वाढायला इस्ट्रोजेनची साथ लागते. इस्ट्रोजेनमुळे योनिमार्गाच्या अस्तरात ग्लायकोजेन साठते आणि त्यावर ही बुरशी पोसली जाते. पाळी गेल्यावर तो साठा आटतो. म्हणून हार्मोनच्या गोळ्या न घेणाऱ्या स्त्रीला या वयात हा संसर्ग सहसा होत नाही. तरीही झाला, तर पहिला संशय मधुमेहावर घ्यावा. तरुण वयातही वर्षातून तीन किंवा अधिक वेळा हा त्रास उलटत असेल, तर हाच नियम लावावा.

एखाद्या वेळच्या संसर्गाने मात्र कोणालाही घाबरवू नये. सुमारे 75 टक्के स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो आणि त्यातल्या बहुतेकींना मधुमेह नसतो. अँटिबायोटिकचा कोर्स किंवा गरोदरपण एवढे कारणही पुरते. आमचा आग्रह वेगळ्या गोष्टीसाठी आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत, आणि त्यांतल्या स्त्रियांची शुगरची फाइल एकीकडे, तर खाजेची तक्रार भलतीकडे अशी स्थिती आहे. शुगरसाठी बाई फिजिशियनकडे जाते. खाजेसाठी आधी मेडिकलवाल्याकडून ट्यूब आणते, मग शेजारणीने सांगितलेले थंड औषध घेते, ‘उष्णता वाढली’ म्हणून सब्जा पिते आणि अगदीच असह्य झाले की स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाते. तिथे साखर विचारली जात नाही, इकडे खाज विचारली जात नाही. दोन्ही केसपेपर आपापल्या जागी बरोबर आणि बाई मात्र सहा-सहा महिने खाजवत राहते.

वाढलेल्या साखरेचा परिणाम दुहेरी होतो. योनिस्रावात आणि लघवीत ग्लुकोज वाढल्याने बुरशीला खाद्य मिळते, आणि तिला गिळून टाकणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी त्याच वेळी मंदावतात. म्हणून साखर आटोक्यात न आणता नुसते अँटिफंगल देत राहिल्यास आठ-पंधरा दिवस बरे वाटते आणि त्रास पुन्हा उलटतो.

निदानाबाबत जरा सविस्तर बोलले पाहिजे, कारण आपल्याकडे तक्रार ऐकून, पडदा न ओढताच औषध देण्याची पद्धत रुळली आहे. तीन औषधांची तयार किट दिली की जंतू, बुरशी, परजीवी सगळे झाकले जाते, असा समज आहे. मधुमेही स्त्रीच्या बाबतीत हा समज अपुरा पडतो. दह्यासारखा घट्ट स्राव प्रत्येकीला दिसेलच असे नाही. कित्येकदा नुसती लाली, सूज आणि मायांगाच्या कडेला बारीक चिरा असतात. पन्नाशीनंतरच्या खाजेमागे लायकेन स्क्लेरोसस असू शकतो, क्वचित कर्करोगाची सुरुवातही. न बघता दिलेल्या ट्यूबखाली हे वर्षानुवर्षे दडून राहते, आणि त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असेल तर चित्र आणखीच बिघडते.

पीएच पट्टी आणि केओएच घालून केलेली स्लाइड या दोन्ही गोष्टी छोट्या दवाखान्यातही जमतात. पीएच 4.5 च्या आत असेल आणि स्लाइडवर तंतू दिसले, तर निदान पक्के. पण तंतू न दिसल्यास कॅन्डिडा नाही असे धरू नये. कॅन्डिडा ग्लाब्राटा ही जात तंतू करतच नाही, तिच्या नुसत्या बारीक गोल पेशी असतात आणि त्या सहज नजरेतून सुटतात. मधुमेही स्त्रियांत नेमकी हीच जात जास्त आढळते. दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॅन्डिडाची बाधा असलेल्या मधुमेही स्त्रियांपैकी सुमारे 61 टक्के जणींत ग्लाब्राटा होती, अल्बिकन्स सुमारे 29 टक्के. ग्लाब्राटा असलेल्यांत फ्लुकोनॅझोलच्या 150 मिलिग्रॅमच्या एका गोळीने जेमतेम 29 टक्के जणींची बुरशी गेली, तर योनिमार्गात रोज 600 मिलिग्रॅम बोरिक ॲसिड 14 दिवस वापरलेल्यांत 64 टक्के जणींची. त्रास उलटला किंवा उपचाराला दाद मिळाली नाही, तर स्वॅब कल्चरला पाठवण्यात कुचराई नको.

साखरेचे निदान करतानाही एक सावधगिरी हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. लोहाच्या कमतरतेत एचबीए1सी खोटे वाढलेले दिसू शकते. अशा वेळी उपाशीपोटीची आणि ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांची साखर पाहूनच काय ते ठरवावे.

उपचारात सगळ्यात मोठी चूक एका गोळीवर भागवण्याची. मधुमेह आटोक्यात नसलेल्या स्त्रीचा संसर्ग गुंतागुंतीचा धरावा आणि क्लोट्रिमॅझोलसारखे औषध योनिमार्गात 7 ते 14 दिवस द्यावे. बोरिक ॲसिड ग्लाब्राटासाठी उपयोगी आहे, पण पोटात गेल्यास ते विष आहे. कॅप्सूल तोंडाने घ्यायची नाही, मुलांच्या हाती लागू द्यायची नाही, हे बाईकडून वदवून घ्यावे. गरोदरपणात ते वर्ज्य. तिथे सात दिवसांचे स्थानिक अझोल द्यावे.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला, तो. फ्लुकोनॅझोल यकृतातील सीवायपी2सी9 हे विकर रोखते, आणि ग्लिमेपिराइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांचा निचरा त्याच विकराकरवी होतो. आपल्या मधुमेही पेशंटांपैकी किती जणींच्या डब्यात ग्लिमेपिराइड आहे, हे वाचकांना सांगायला नको. फ्लुकोनॅझोलची अर्धायू सुमारे 30 तास. म्हणजे ते काही दिवस अंगात राहते. दर तिसऱ्या दिवशी एक अशा तीन गोळ्या किंवा सहा महिने दर आठवड्याला एक असा कोर्स असेल, तर साखर अचानक उतरण्याचा धोका गांभीर्याने घ्यावा. साठीची बाई, किडनी थोडी कमजोर, त्यात उपास, आणि दुपारी घाम फुटून चक्कर आली तर घरचे ‘बीपी वाढलं असेल’ म्हणतात. शक्य असेल तिथे स्थानिक औषधच निवडावे. गोळी द्यायचीच झाली, तर शुगरची औषधे आधी विचारावीत, डोस लागल्यास कमी करावा आणि लक्षणे समजावून सांगावीत.

शुगरच्या काही गोळ्यांनी हा संसर्ग उलट वाढतोही. डॅपाग्लिफ्लोझिनचे भारतातले पेटंट 2020 मध्ये संपले, जेनेरिक आले आणि या गटातली औषधे खेड्यापाड्यापर्यंत पोचली. हृदय आणि किडनीसाठी त्यांचा फायदा मोठा आहे, त्यामुळे त्यांना नावे ठेवण्याचा प्रश्नच नाही. पण ती साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, आणि त्यामुळे बुरशीसंसर्गाचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत आणि आधी हा त्रास झालेल्या स्त्रियांत. हे आधी सांगितलेले नसेल, तर बाई गोळी परस्पर बंद करते आणि पुढच्या भेटीत साखर 300 का, याचे उत्तर आपल्याला सापडत नाही. गोळी सुरू करतानाच आधी असा त्रास झाला होता का ते विचारावे, पाण्याने धुऊन कोरडे ठेवायला सांगावे, साबण-डेटॉल आत लावू नका म्हणावे. एकदा संसर्ग झाला तर उपचार करून गोळी बहुधा चालू ठेवता येते. वारंवार झाला तर फेरविचार करावा. ताप, त्या जागी सूज आणि दिसते त्यापेक्षा भयंकर वेदना असतील, तर फोर्निए गँगरिनची शक्यता धरून त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

राहिला प्रश्न विचारण्याचा. सोबत मुलगा किंवा सासू असली की बाई बोलत नाही. बीपीच्या गोळ्या पर्समध्ये टाकून उठते, दाराशी थबकते आणि ‘काही नाही, मॅडम’ म्हणून निघून जाते. सोबतच्यांना रिपोर्ट आणायला बाहेर पाठवावे आणि सरळ म्हणावे, ‘ताई, शुगर असली की बऱ्याच जणींना खालच्या जागेला खाज येते, आग होते. तुम्हाला होतं का तसं?’ बऱ्याच जणींना होते हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐकले की तिचा संकोच निम्मा होतो. पुरुष डॉक्टरांनी नर्सला शेजारी बसवावे. बाई हो म्हणाली, तर तपासणी त्याच भेटीत उरकावी. पुढच्या वेळी बघू म्हटले की ती हा विषय पुन्हा काढत नाही.