गोमुखाच्या वाटेवर प्रेस कार्ड चाललं नाही

मंडळी, गंगोत्रीहून परतलोय. गुडघे अजून कुरकुरतायत. फोटो बघून बऱ्याच जणांनी विचारलं, "गोमुख एका दिवसात होतं का?" होतं. जायला 18 किलोमीटर, यायला 18. उजाडताना निघायचं, अंधाराच्या आत परत. पण उंची जवळपास 4,000 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या साधारण अडीच पट. गड चढायची सवय असेल तरच या फंदात पडा, नाहीतर सरळ भोजबासाला मुक्काम करा.

पण आज लिहायचंय ते दुसरंच.

गोमुखाला दिवसाला फक्त 150 जणांना परवाना मिळतो. आम्ही चौघं. खिडकीवर पोचलो तेव्हा तीनच शिल्लक. मी काय केलं? खिशातून प्रेस कार्ड काढलं. वीस वर्षांची सवय, जाते कुठं! खिडकीतला पोरगा हसला. म्हणाला, "सर, पत्रकार भी डेढ़ सौ में ही गिने जाते हैं." मेव्हणे खोलीवर राहिले. खरं तर मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही.

वाटेत चीरबासा लागतं, मग भोजबासा. चीर आणि भोज या झाडांवरूनच ही नावं पडली. पण भोजबासाचे भोजवृक्ष वर्षानुवर्षं चुलीत गेले, यात्रेकरूंच्याच चहा-खिचडीसाठी. गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी 1990 च्या दशकात तिथं पुन्हा भोजाची रोपं लावायला घेतली. तोडायला किती सोपं आणि त्या थंडीत एक रोप जगवायला किती अवघड, ते तिथं उभं राहिल्यावर कळतं.

आणि मग दिसते ती हिमनदी. पांढरीशुभ्र वगैरे काही नाही. वर दगडधोंड्यांचा थर, समोर करडी, भेगाळलेली भिंत आणि तिच्या पोटातून धडाडत निघालेली भागीरथी. मागं हाच बर्फ साधारण 30 किलोमीटर पसरलाय. आम्ही लांबूनच हात जोडले, कारण भिंतीचे तुकडे कधी कोसळतील याचा नेम नसतो.

1935 साली ऑडेन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं या मुखाचा नकाशा केला होता. तिथपासून 1996 पर्यंतच ते एक किलोमीटरहून जास्त मागं सरकलं. वेग कधी कमी, कधी जास्त, पण दिशा एकच, मागं.

आता कुणी म्हणेल, 150 माणसं मोजून बर्फ वितळायचा थांबतो का? नाही थांबत. तो अख्ख्या जगाच्या धुरानं वितळतोय, त्यात तुमची-माझी गाडीही आली. पण वाट, झाडं, कचरा हे तरी आपल्या हातात आहे ना? खाली गंगोत्रीत गाड्यांची रांग आणि हॉर्न. वर त्याच नदीकाठी शांतता. दोन्हींत फरक फक्त त्या खिडकीचा.

हे सगळं मी का सांगतोय? कारण आपल्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला 3,000 पर्यटकांची मर्यादा आली, तेव्हा "पर्यटकांना अटकाव, व्यावसायिक हवालदिल" ही बातमी मीच लिहिली होती. पठारावरच्या फुलांना काय वाटतं, ते विचारायला गेलो नव्हतो. आणि दर हंगामात "दादा, चार पास बघा ना" असे फोन येतात, तेव्हा ओळख लावून मीच ते बघतो.

हॉटेलवाल्यांचं नुकसान खोटं नाही. एका शनिवार-रविवारवर त्यांचा हंगाम चालतो. त्यासाठी मधल्या वारी लोक कसे येतील, ठोसेघर-बामणोलीकडं कसे वळतील, हे मागा, मीही बातमी लावतो. पण मर्यादा उठवा म्हणू नका. पठार तुडवलं गेलं तर हॉटेलात बसून बघायचं काय?

तर जाहीर सांगतो, यंदापासून माझ्याकडून कासचा एकही पास मिळणार नाही. नातेवाईकांनीही वाचावं. पहिला नंबर मेव्हण्यांचाच आहे. ते आत्ताच विचारत होते, "दाजी, गोमुखाला जमलं नाही, निदान कासचं तरी बघा!"

पटलं तर पुढं पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, पण मुद्द्यावर.