हुरड्याचा पाहुणा आणि ज्वारीचा धनी

मार्गशीर्ष लागला, थंडीनं अंग धरलं, की शनिवारी सकाळपासून पुणे-सोलापूर रस्त्यानं शहरातल्या मोटारी गावांकडं वळायला लागतात. मोटारीत दोन पोरं, त्यांची आई, मागच्या सीटवर आजी आणि डिकीत बॅटबॉल. कुणी भिगवणला पक्षी बघायला, कुणी द्राक्षाच्या मळ्यात, पण बहुतेकांच्या तोंडी एकच शब्द असतो, हुरडा. रविवारी दिवस मावळायला हीच मंडळी परत फिरतात. दीड-दोन दिवसांचा हा मामला. पण या दोन दिवसांत गावच्या शिवारात जो पैसा येतो, तो शेवटी कुणाच्या घरात मुक्कामाला राहतो, हा सवाल शेतकरी बंधूंनी आणि ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांनी एकदा बसून विचारायला पाहिजे.

कारण आज बऱ्याच ठिकाणी चित्र उलटं आहे. रस्त्याकडेच्या हॉटेलावर फलक लागतो, ‘गरम हुरडा मिळेल’. त्या हॉटेलवाल्याकडं एक सरी ज्वारी नसते. कणसं आणतो आपल्याच शेतकऱ्याकडून, वजनावर, पडेल भावात. पाहुण्याकडून घेतो माणशी दर, त्यात खाट, झोका, बैलगाडीची फेरी आणि जेवण. पेरली कुणी, खुरपली कुणी, पाखरं हाणायला गोफण घेऊन माळ्यावर पहाटे उभं कोण राहिलं? आणि ताटावर बसलं कोण? ज्वारीचा धनी बाहेर आणि आयत्या बिळावर नागोबा, असा हा प्रकार आहे.

पाहुणचार विकायचा का?

गावातली जुनी माणसं म्हणतील, हुरडा ही काय विकायची चीज आहे? हुरडा हा पै-पाहुण्याला, लेकी-जावयाला, वाटसरूला बोलावून खाऊ घालायचा. म्हणणं खोटं नाही. लातूर, धाराशिव आणि सोलापूरच्या काही भागात मार्गशीर्ष अमावास्येला येळवस होते. कडब्याची खोप करून पूजा मांडतात, भज्जी, आंबील, उंडे घेऊन अख्खं घर रानात जातं, आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. शहरात नोकरीला गेलेली पोरंही त्या दिवशी गाव गाठतात. हिवाळ्यात दोन दिवस रानात जाऊन राहण्याची ही आपली जुनी रीत. ती जशीच्या तशी राहिली पाहिजे. येळवशीच्या पाहुण्याकडून पैसा घ्यावा असं कुणीच म्हणणार नाही.

पण जो माणूस फोन करून, दर विचारून, चाळीस जणांना घेऊन येतो, तो पाहुणा असला तरी गिऱ्हाईक आहे. त्याला फुकट घातलं तर तो खूश होईल, पण तुमच्या घरातली बाई दिवसभर चुलीपुढं राबेल. तेव्हा नात्यातला पाहुणा वेगळा आणि दराचा पाहुणा वेगळा, एवढा भेद मनात पक्का असला म्हणजे पुष्कळ गोष्टी सोप्या होतात.

हिशेब चार गुंठ्यांचा

आता रोकडा हिशेब बघू. रब्बी ज्वारी पंचेचाळीस बाय पंधरा सेंटिमीटरवर पेरली, तर गुंठ्यात चौदाशे-पंधराशे ताटं बसतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले उत्तरा’, परभणीच्या विद्यापीठाचा ‘परभणी वसंत’ हे खास हुरड्याचे वाण आहेत. जुन्यात सुरती आणि गूळभेंडी सगळ्यांना ठाऊक आहे. चांगल्या कणसातून सत्तर-ऐंशी ग्रॅम हुरडा निघतो. पाखरांचं, खोडमाशीचं, बारक्या कणसांचं जाऊन निम्मंच हाती लागलं असं धरू. तरी गुंठ्याला पन्नास किलो पडतो. माणूस पोटभर खाऊन पावशेर खातो. म्हणजे एका गुंठ्यात दोनशे माणूस जेवतं.

समजा, तुमच्याकडं शनिवारी चाळीस आणि रविवारी चाळीस माणसं आली, आणि असे सहा आठवडे चाललं. झाली चारशे ऐंशी माणसं. त्यांना लागला एकशेवीस किलो हुरडा. तीन गुंठ्यांत भागलं, चार धरले तर घरच्या पै-पाहुण्यालाही उरला. बाकीचं रान दाण्याला आणि कडब्याला मोकळं.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. एक, पैसा हुरड्याच्या वजनात नाही, पाहुण्याला बसवण्यात आहे. म्हणून कणसं वजनावर हॉटेलात घालणारा नेहमी तोट्यातच राहणार. दुसरी, यासाठी रान लागत नाही, बेत लागतो. एक कणीस हुरड्यात असतं जेमतेम आठ-दहा दिवस. पुढं दाणा कडक होतो. म्हणून चारही गुंठे एका दिवशी पेरू नयेत. रब्बी ज्वारीची शिफारशीची मुदत १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. त्या महिन्यात वापसा सापडेल तसा दर दहा दिवसांनी एक गुंठा पेरावा. हुरड्याला नव्वद ते शंभर दिवस धरले, तर डिसेंबरच्या विसाव्या तारखेच्या आसपास पहिला पट्टा येतो आणि जानेवारी अखेरपर्यंत शेवटचा चालतो. मागच्या पट्ट्याला एखादं पाणी द्यायची सोय मात्र पाहिजे.

आणि खर्चात एक कलम हमखास गळतं, ते घरच्या बाईच्या मजुरीचं. भाकरी तिची, शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी तिची, आगटीवरचा हुरडा चोळून देणंही बहुतेक तिचंच, आणि पाहुणे गेल्यावर शंभर भांडी तिचीच. रविवारी रात्री पैसे मोजतो घरचा गडी! ही मजुरी आधी काढून ठेवा, तिच्या खात्यावर टाका, आणि मग उरलं त्याला नफा म्हणा. तसं केल्यावर काही उरत नसेल तर तुमचा दर चुकला आहे.

गुंठा विकला, राखणदार झाला

शहरातल्या पाहुण्याला गाव आवडलं की तो दुसऱ्या खेपेला विचारतो, इथं दहा-वीस गुंठे मिळतील का? एकरकमी आकडा ऐकून भले भले वितळतात. मग तारेचं कुंपण पडतं, बंगली उठते, बोअर पडतं, आणि ज्यानं रान विकलं तोच पुढं त्या बंगलीवर पगारी राखणदार म्हणून दिसतो. असे गडी प्रत्येक तालुक्यात आहेत, नावं घ्यायची गरज नाही. पाहुणा येतो तो रान बघायला. रानच विकलं तर पुढच्या हिवाळ्यात त्याला काय दाखवणार?

कोरडवाहू माणसाला हे जमेल का, असं विचारणाऱ्यांनी बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीचं उदाहरण बघावं. पांडुरंग तावरे यांनी कृषी पर्यटनाचा प्रयोग तिथं २००५ साली सुरू केला, आणि तो भाग काही बागायतीच्या सुकाळाचा नाही. दुसरं उदाहरण उजनीच्या काठचं. भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळ या भागात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. जाळं टाकणारी तिथली पोरं आता होडीतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात, नावं सांगतात. पाण्यानं ज्या गावांच्या जमिनी घेतल्या, त्याच पाण्यानं चार महिन्यांचा धंदा दिला.

राज्य सरकारनं २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. किमान एक एकर रान असलेला शेतकरी पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करू शकतो. ते प्रमाणपत्र बँकेत कर्ज मागताना उपयोगी पडतं. पण नोंदणी शेतकऱ्याच्या नावानं व्हावी. आपला सातबारा दाखवून दुसऱ्याचं हॉटेल उभं करून देऊ नये.

कारभाऱ्यांचं काम

आता सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक, ज्यांना २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, यांच्यासाठी दोन शब्द. पाहुणा सोमवारी शहरात जातो. प्लॅस्टिकच्या बाटल्या, थर्माकोलच्या पत्रावळी आणि ओढ्यातल्या काचा मात्र गावातच राहतात. त्या काचेनं बैलाचा खूर कापला तर भरपाई कोण देणार? ग्रामपंचायत अधिनियमानं पंचायतीला कर आणि फी बसवायचे अधिकार दिले आहेत. ग्रामसभेत ठराव करा. येणाऱ्या गाडीवर माफक फी घ्या, पावती द्या, आणि तो पैसा कचरा उचलण्यावर आणि संडासावरच खर्च करा. साताऱ्याच्या कास पठारावर आजूबाजूच्या गावांच्या समित्या फुलांच्या हंगामात फी घेऊन गर्दी आवरतात. मग आपल्याला का जमू नये?

रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, हा कायदा शहराला आहे तसा गावालाही आहे. दारूची मैफल झाडाखाली बसू दिली, तर पुढच्या वर्षी बायका-पोरं घेऊन येणारा पाहुणा तुटेल आणि नुसते पिणारेच राहतील.

आणि जिवाची काळजी. विहिरीला कठडा नसेल तर चार फुटांवर दोरी तरी बांधा, शहरातल्या पोराला विहिरीचा अंदाज नसतो. आगटी कडब्याच्या गंजीपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला पेटवा, जवळ पाण्याचं पिंप ठेवा. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो, तिथं अंधार पडल्यावर पाहुण्यांना फडाकडं फिरकू देऊ नका. होडीत जॅकेट घातल्याशिवाय कुणाला बसवू नका. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी दरम्यान प्रवासी बोट वादळात उलटली आणि सहा जीव गेले. ती बोट पर्यटनाची नव्हती, पण पाणी तेच आहे.

आपणही दोन दिवस शहर बघावं

शहरानं गावात यायचं आणि गावानं नुसतं वाढायचं, हे एकांगी झालं. हिवाळ्यात आपल्यालाही दोन दिवस काढता येतात. पेरण्या आटोपलेल्या असतात, एखाद्या पाण्याची पाळी भावकीतला माणूस सांभाळतो. डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं, जानेवारीत बारामतीला कृषिक होतं. पुण्यात २००६ पासून भीमथडी जत्रा भरते, तिथं बचत गटाच्या बाया भाकरी, चटण्या, पापड, घोंगड्या घेऊन बसतात. मुंबईत महालक्ष्मी सरस असतं. पाच-दहा जणांनी मिळून एसटीनं जावं, आणि गड्यांनी एकट्यानं न जाता घरच्या बाईलाही न्यावं.

पण जत्रेतल्यासारखं नुसतं फिरून, कागदांची पिशवी भरून परत येऊ नये. शहरातला माणूस काय विचारतो, कशाला किती मोजतो, कुठल्या पिशवीत बांधलेलं उचलतो, हे बघावं. चार सोसायट्यांचे फोन नंबर वहीत घ्यावेत. जानेवारीत आपल्या रानात हुरडा खाऊन गेलेला माणूस मार्चात आपल्याच घरची ज्वारी पोत्यानं नेईल, मधला दलाल न घेता. हुरड्याची दोन दिवसांची ओळख वर्षभराच्या धान्याला लावता आली, तरच हा धंदा शेतीचा म्हणायचा. नाहीतर तो नुसता तमाशाचा फड, हंगाम संपला की उठला.

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आपल्या राज्यात ज्वारीचा पेरा कमी कमी होत गेला. कडबा महागला, दाण्याला भाव नाही म्हणून लोकांनी ऊस धरला. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्याचं वर्ष पाळलं, भाषणं पुष्कळ झाली. भाषणानं पेरा वाढत नाही, चार पैसे सुटले तर वाढतो. ते चार पैसे आज शनिवारी-रविवारी मोटारीत बसून आपल्या बांधापर्यंत येत आहेत. ते बांधावर उतरवून घ्यायचे की हॉटेलाच्या गल्ल्याकडं जाऊ द्यायचे, हे येत्या ग्रामसभेत ठरवा, आणि सप्टेंबरात चार गुंठ्यांची पाभर धरायच्या आधी ठरवा.