चढावरची जीप

जयपूरजवळच्या आमेर किल्ल्याकडे पर्यटकांना घेऊन जाणाऱ्या जीपगाड्या अरुंद, चढाच्या गल्ल्यांतून वर चढतात. अशा चढावर गाडी उभी केली की सारी भिस्त हँडब्रेकवर. जुन्या जीपमध्ये हा ब्रेक चाकांवर नसतो; गिअरबॉक्सच्या मागे, मागील चाकांना फिरवणाऱ्या दांड्यावर असतो. तिथले ऑइल सील गळू लागले की तेल लायनिंगवर उतरते आणि ब्रेक घसरतो. म्हणून नुसते नवे लायनिंग घालून भागत नाही; आधी सील बदलावे. आणखी एक काळजी घ्यावी. मागचे एक चाक जॅकवर उचलले की ते मोकळे फिरते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. तेव्हा चाक बदलताना मुलाबाळांना आधी खाली उतरवावे आणि बाकीच्या चाकांना दगड लावावेत.